दोन काडतुसं आणि एक थर्मास

शुगर लँड या अमेरिकन गावातल्या बंदुकांच्या दुकानातला म्हातारा विक्रेता मला एकदाच भेटला. बॉसनं हरणाच्या शिकारीला बोलावलेलं, आणि मी साधी गलोलही न धरलेला. म्हाताऱ्यानं दोन काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली: जुनं, लांब थर्टी-ऑट-सिक्स आणि नवं, बुटकं सेव्हन एमएम-झिरो-एट. मग डॉक्टरसारखा अंगठ्यानं माझा खांदा दाबून पाहिला.

"हरणाला दोन्ही सारखीच. नव्याचा धक्का कमी, खांदा वाचेल." माझा चेहरा बघून तो थांबला. "पण मारायचंय का तुला?"

"नाही." बॉसला महिनाभर होकार देत आल्यावर पहिल्यांदाच मी खरं बोललो.

त्यानं काडतुसं उचलली आणि शिकारी दुरून दिसावेत म्हणून घालतात ते केशरी जाकीट पुढे सरकवलं. "मग हे घाल, कॉफीचा थर्मास धर. असा एक माणूस शिकारीच्या प्रत्येक कॅम्पला लागतोच."

पुढे दरवर्षी त्या कॅम्पची कॉफी मीच केली. बॉसनं बंदुकीचं नावही काढलं नाही.