पोथीला बसलेले दोन अबोल भाऊ

श्रावण लागला की केदारखेड्याच्या मारुतीच्या देवळात दिवेलागणीनंतर पोथी सुरू व्हायची. निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, मी तेव्हा सात-आठ वर्षांची... आता नातीकडून टाइप करून घेतेय.

पोथी वाचायचे आबा, म्हणजे माझे वडील. अर्थ सांगायचे त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका. काकांना अक्षरओळख नव्हती, पण बोलायला लागले की माणसं जागची हलत नसत.

गंमत अशी, की या दोघांचं आपसात बोलणंच बंद होतं! सामाईक विहिरीवर मोट कुणी कधी चालवायची, या पाळीवरून बिनसलं ते बिनसलंच. बसायचे शेजारी शेजारी, पण भांडायचे पोथीतून.

काका कुठलीही ओवी फिरवून विहिरीवर न्यायचे. "काही लोकांची पाळी सरली तरी मोट सुटत न्हाई बरं!" आबाही काही कमी नव्हते... वाचाळ माणसाची निंदा आली की तीच ओवी दोनदा, चांगली सावकाश वाचायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

मला मात्र हसू यायचं नाही. काकांची रुखमी माझ्याच वयाची, आणि तिच्याशी खेळायची मला बंदी. देवळात ती खांबाच्या त्या बाजूला, मी या बाजूला... नुसतं बघायचं एकमेकींकडे.

एक दिवस भावाभावांच्या वैराची ओवी आली. आबांनी जरा हळूच वाचली. सगळे सरसावून बसले, आज काका काय टोला हाणतात...

काका खाली बघत म्हणाले, "ह्याचा अर्थ मला सांगता येत न्हाई. कोणत्या तोंडानं सांगू लोकांला? दादा, तुमीच सांगा."

इतक्या वर्षांनी 'दादा' म्हणाले! आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला तरी कुठं कळलाय, बाबा... चल घरी, जल्दी. तुझ्या वहिनीच्या भाकरी गार होऊन राह्यल्या."

दोघं उठून चालायलाच लागले. आरती राहिली ती राहिलीच.

त्या दिवशी रुखमी आणि मी एका ताटात जेवलो.

पुढे आयुष्यात नीट वागा म्हणून सांगणारे खूप भेटले. सांगता सांगता स्वतःकडे बघून थांबलेले एक काकाच. त्यांचे उपकार कसे फेडू... त्यांच्या त्या थांबण्यानं मला बहीण दिली, आणि ती मला गेल्या वर्षापर्यंत पुरली.