माझ्या नावावरचा संदेश

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. हजर: मी आणि कामठीचा मित्र. आमच्या हौशी संगणक मंडळाचे ईमेलवरचे संदेश न्यूजरीडरमध्ये, म्हणजे चर्चागट वाचायच्या प्रोग्राममध्येही वाचता यावेत म्हणून माझ्या घरी सर्व्हर जोडत होतो, पासवर्ड आम्हा दोघांकडेच. मंडळाच्या ईमेलवरून सर्व्हरवर आलेला पहिलाच संदेश माझ्या नावावर होता: ‘सर्व्हरचा कारभार आता कामठीकडे द्यावा.’ मी तो लिहिलाच नव्हता. “हे तू टाकलं का रे?” “मी काहून टाकीन गा? मले घरचा राउटर सांभाळनं होत नाही,” तो हसला. ते हसणं मला खटकलं. तो गेल्यागेल्या मी पासवर्ड बदलला. आठवड्याने कळलं, कळमेश्वरच्या एका सभासदाने संदेशात स्वतःचं नाव भरलं नव्हतं आणि रिकाम्या जागी माझं नाव टाकायची सेटिंग मीच करून ठेवली होती. या गोष्टीला दोन वर्षं झाली. नवा पासवर्ड मित्राला द्यायचा अजून राहिलाय.