काळी पाच

बायकोने ती घोषणा केली तेव्हा मी दाढी करत होतो. "दिवाळीच्या कार्यक्रमात गाईन आणि मग बंद. आवाज गेलाय माझा," ती बाहेरून म्हणाली. स्वर असा, की दुधाचा रतीब बंद करतेय. माझ्या हनुवटीला ब्लेड लागलं.

आवाजाची तक्रार जुनीच होती. वरच्या सप्तकातल्या गंधाराला पोचली की तिचा आवाज फाटायचा. मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे कारण शोधल्याशिवाय चैन पडेना. आधी एसीवर संशय घेतला, मग हॉकर सेंटरमधल्या खाण्यातल्या तिखट सांबल चटणीवर, मग सिंगापूरच्या दमट हवेवर. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला ज्येष्ठमध आणायला लावलं. क्लेमेंटीच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये ज्येष्ठमधाचं दुकान निघालं असतं, पण गंधार काही हलला नाही.

ती गाते आणि मी व्हायोलिन वाजवतो. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातले सहकारी शनिवारी पुलाउ उबीन बेटावर सायकली हाणायला जायचे, आम्ही घरी रियाझाला बसायचो. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हाला तासभर दिला होता. एकोणिसाव्या शतकातल्या एका युरोपियन जोडप्याची कहाणी सांगायची आणि मधे मधे आपली गाणी म्हणायची, ही कल्पना तिचीच. तो व्हायोलिनवादक, ती गायिका. विद्यापीठाच्या लायब्ररीत आठवडाभर बसून तिने वहीभर टिपणं काढली.

त्या जोडप्याचं लग्न झालं तेव्हा नाव गायिकेचं होतं. जाहिरातीत ती ठळक अक्षरांत आणि तो खाली, बारीक. दोघं बोटीने गावोगाव फिरली, मुलं झाली, तीही सामानाच्या पेट्यांबरोबर फिरली. हळूहळू तो वर सरकला. लोक त्याच्या गजावर खूश आणि तिच्याबद्दल लिहीत, की आवाज थकला. शेवटी तो मैफिली करायचा आणि ती घरी मुलींना गाणं शिकवायची.

तालमीच्या दिवशी तिने हे सगळं वाचून दाखवलं. पुढचं वाक्य होतं, "तिची गाणी तो आपल्या व्हायोलिनला शोभतील अशा पट्टीत बसवून घेई."

मी उसळलोच. "काय स्वार्थी माणूस! अरे, गाणारीचा गळा आहे का दोरी, हवी तशी ताणायला? साथीदाराने साथ करावी. याला साधी अक्कल नव्हती का?"

बरंच बोललो. या विषयावर मी छान बोलतो. बायको वही मिटून माझ्याकडे बघत होती. गृहपाठ करणारी आमची लेक मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू ऑल्सो सेम लाह."

मी हसलो. दोघींपैकी कोणीच हसलं नाही.

मग मला आठवलं. मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा फुशारकीने व्हायोलिन घेऊन गेलो होतो. पोहे झाले, कोणीतरी म्हणालं, आता दोघांचं होऊन जाऊ दे. माझं व्हायोलिन काळी पाचला लावलेलं होतं, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीला. माझे गुरुजी तिथेच लावायचे. गाणारी आपली पट्टी सांगते आणि वाजवणारा त्यात मिळवतो, हे संगीतातलं पोरसुद्धा जाणतं. पण दाखवायला बसवलेली मुलगी पट्टी सांगणार कशी? ती निमूट माझ्या पट्टीत गायली. पसंती झाली, लग्न झालं आणि बारा वर्षं काळी पाच आमच्या घरची पट्टी होऊन बसली. फोनवरच्या तानपुऱ्यातही तीच.

"तुझी खरी पट्टी कोणती?" मी विचारलं.

"काळी चार."

मी खुंट्या सैल करून तारा एक काळी पट्टी खाली आणल्या. व्हायोलिन जरा घोगरं वाजलं, चमक गेली. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? तिने सूर लावला आणि नेहमीची चीज सुरू केली. गंधार आला तेव्हा मीच श्वास रोखून बसलो. ती तिथे आरामात थांबली, वाटलं तेवढी थांबली आणि हसत खाली उतरली. लेकीने पेन्सिल ठेवून दिली होती. मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

"अगं, एवढी वर्षं बोलली का नाहीस?" मी ओरडलोच जवळजवळ.

"मला वाटायचं, माझाच गळा कमी पडतोय," ती म्हणाली.

मी उगाच गजाला राळ घासत बसलो.

दिवाळीच्या कार्यक्रमाला साथीला विद्यापीठातला एक विद्यार्थी होता. पडदा उघडायच्या आधी त्याने तबल्यावर हातोडी धरली आणि रीतसर माझ्याकडे बघून विचारलं, "काका, पट्टी कोणती?"

बारा वर्षांच्या सवयीने माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं.

"मला विचार," बायको म्हणाली.