चिकातली साखर

दूध संकलन केंद्रावरचा माणूस माझं दूध काचेच्या नळीत घ्यायचा, हलवायचा आणि फॅट सांगायचा. सांगायचा म्हणजे ओरडायचा. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही वाटावं की माझ्या किटलीत पाणी असणार. मी खानापूरकडून हात हलवत आलो होतो. सायकलवर दूध घालून गोठा उभा केला, भाव करताना कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, पण दुधात पाणी कधी घातलं नाही. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

त्या रागातच मी स्वतःचं यंत्र घेतलं. साखर कारखान्यात काम केलेल्या एका ओळखीच्या माणसाकडे उसाचा गोडवा बघायची दुर्बीण पडून होती. रिफ्रॅक्टोमीटर तिचं नाव. घासाघीस करून ती मिळवली. दुधाचं फॅट तिच्यात कळत नाही, हे घेतल्यावर कळलं. पण गुरांचे डॉक्टर म्हणाले, नुकत्या व्यालेल्या गाईचा चीक बघता येतो. काचेवर थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळं आणि पांढरं जिथे भेटतं तो आकडा वाचायचा. तो बावीसच्या वर असला तर वासराला रोगाशी झुंजायची ताकद मिळते. खाली असला तर दुसऱ्या गाईचा चांगला चीक पाजायचा, तोही जन्मल्यावर लगेच. उशीर झाला की चीक पोटात जातो, अंगी लागत नाही.

मला ती दुर्बीण आवडली. ती ओरडत नव्हती.

नव्वदनंतरचा एक हिवाळा. माझी सगळ्यात दुधाळ जर्सी सकाळी व्याली. आदल्या खेपेचं तिचं वासरू हगवणीनं गेलं होतं. या वेळी कालवड झाली. गोठा पुढे वाढवायचा तो हिच्यावरच, असं मी मनात धरून होतो. पण व्यायच्या आधीपासून गाईचे सड गळत होते, चांगला चीक वाहून गेला होता. थेंब काचेवर टाकला तर आकडा चौदा. पुन्हा पुसून बघितलं, चौदाच.

ओढ्यापलीकडे आक्काचं घर होतं. आक्का म्हणजे नात्यानं कुणी नव्हे. दिग्गीकडची बाई, माझ्याहून बरीच मोठी, मला तम्मा म्हणायची, कानडीतला धाकटा भाऊ. तिची ठेंगणी काळी गाय त्याच पहाटे व्याली होती. मी किटली आणि दुर्बीण घेऊन धावतच गेलो.

"आक्का, चीक पायजे. वासराला. काय घेशील सांग."

ती चुलीपुढून उठली. "चीक कोण इकतंय काय? ने की."

आमच्याकडे चीक विकत नाहीत, शेजारी वाटतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आयुष्यभर भाव केलेल्या माणसाला फुकट शब्द ऐकला की आत कुठेतरी घंटा वाजते. तिनं किटलीत चीक ओतला. पिवळा, दाट. मी अंगणातच उकिडवा बसलो, थेंब काचेवर घेतला आणि सूर्याकडे तोंड करून डोळा लावला.

आक्काची सून शेण भरता भरता थांबली. तिचं माहेर उसाच्या गावचं. तिनं ती दुर्बीण कारखान्याच्या माणसांच्या हातात बघितली होती.

"आत्ती," ती सासूला म्हणाली, "हे साखर बघत्यात."

"कशात?"

"आमच्या चिकात." मग माझ्याकडे वळून, "भावोजी, साखर आम्ही गिण्णा करताना घालतो. गाईच्या सडात न्हाई घालत."

गिण्णा म्हणजे खरवस. मी समजावायला लागलो, हे साखरेचं नाही, ताकदीचं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. बोलत होतो आणि माझंच बोलणं मला खोटं वाटत होतं. आकडा हवा होता हे खरं. पण ओढा ओलांडून माझ्या गोठ्यात बघितला असता तरी तोच आकडा दिसला असता. तिच्या अंगणात, तिच्या तोंडावर बघायची गरज नव्हती. गोंधळात मी आणखी वाईट केलं.

"सत्तावीस!" मी मोठ्यानं म्हणालो. "एक नंबर हाय, आक्का."

"व्हय? पास झालो म्हणायचं," आक्का म्हणाली. ती हसली नाही. "डेरीवर तुझं मापत्यात म्हणून तू आमचं मापतोस व्हय रे, तम्मा?"

मला राग आला. नेहमी येतो तसा, आधी डोक्यात आणि मग जिभेवर. पण या वेळी मी खाली बघून दुर्बिणीची काच पुसत बसलो. किटली तिथेच ठेवून निघावं असंही वाटलं. पण वासरू उपाशी होतं.

"ने आता," ती म्हणाली. "वासराचा काय गुन्हा."

कालवड गटागटा प्याली. जगली, तिला हगवण लागली नाही. मी गोठ्यात उभा राहून तिच्या अंगावरून हात फिरवत होतो आणि मला आनंद होत नव्हता.

त्यानंतर वाडीत गाय व्याली की चीक घरोघर जायचा, आमच्या घरी यायचा नाही. बायकोनं एकदा पाणवठ्यावर विचारलं, तर एक बाई म्हणाली, "तुमच्या दुर्बिणीत बसंल का न्हाई, म्हणून आणला न्हाई." बायको घरी येऊन माझ्याशी दिवसभर बोलली नाही. केंद्रावरच्या त्या माणसानं माझ्याशी जे केलं ते मी कुणाकुणाला सांगत सुटलो होतो. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे ती कालवड मोठी झाली, व्याली. तिच्या वासराचं पिऊन झाल्यावर उरलेला चीक मी तांब्यात घेतला आणि आक्काकडे गेलो. दुर्बीण घरीच ठेवली होती. आक्का अंगणात सुपारी सोलत बसली होती. तिनं तांब्या घेतला, आत बघितलं, वर माझ्याकडे बघितलं.

"मापलास?"

"न्हाई, आक्का."

सकाळी मापला होता. चोवीस होता. कमी असता तर मी तो तिच्याकडे नेला नसता.

"बरं," ती म्हणाली आणि सुनेला हाक मारली, "गिण्ण्याला गूळ काढ गं."