बॅटरी काढलेल्या गाडीचा हॉर्न

आत्मा, भास, संकेत... असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. माझा धंदाच तसा आहे. करंट आला तर दिवा लागतो, नाही आला तर लागत नाही. मधलं काही नसतं – निदान तेव्हा तरी असंच वाटायचं.

नाशिकला सातपूर एमआयडीसीत, एका उताराच्या रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे. बाइकला फॉग लॅम्प, हॉर्न, मोबाइल चार्जर बसवून देतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी, विद्याताई नावाच्या शिक्षिका मोटारसायकल घेऊन आल्या. शाळा घोटीच्या पुढे. गाडी त्यांच्या मिस्टरांची. ते हिवाळ्यात अटॅकने गेले, हे त्यांनी हेल्मेट काढता काढता अगदी सपाट आवाजात सांगितलं.

"दादा, तिकडे पावसात इतकं धुकं असतं की समोरचं दिसत नाही. चांगले लाइट बसवा. भाऊ म्हणतो, विकून टाक ही गाडी. पण ह्यांनीच शिकवली मला... मी हीच चालवणार."

गाडी दुकानात घेतली. नवीन वायरिंग टाकायची म्हणून बॅटरी काढून टेबलावर ठेवली. हॉर्नच्या वायरीही सोडवल्या. त्या नुसत्या लोंबत होत्या. ताई बाहेर भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. एक हात हँडलवर ठेवून मी खालची वायर ओढत होतो...

आणि हॉर्न वाजला. दोनदा तुटक, मग एकदा लांब.

आवाज दुसऱ्या गाडीचा असेल, असं म्हणायलाही जागा नव्हती. हँडलची थरथर माझ्या हाताला लागली.

"आले, आले!" म्हणत ताई बाहेरून उठल्या आणि भरभर आत आल्या. चेहऱ्यावर आश्चर्य नाही, काही नाही. दार उघडायला जावं तशा. गाडीजवळ आल्या आणि एकदम थबकल्या. टेबलावरच्या बॅटरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आम्ही काही बोलणार तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. चढावर उभा असलेला रिकामा टेम्पो घसरत येऊन आमच्या भिंतीवर आदळला होता. खुर्चीचे तुकडे झाले होते. ड्रायव्हर चहाच्या टपरीवरून ओरडत पळत आला, "कोणी होतं का तिथं? हँडब्रेक वढला व्हता हो मी... आईशप्पथ वढला व्हता!"

"कोणी नव्हतं," मी म्हणालो.

ड्रायव्हर शांत झाल्यावर मी आत येऊन गाडीची एकेक वायर तपासली. त्या हॉर्नपर्यंत करंट जायला रस्ताच नव्हता. बॅटरीशिवाय हॉर्न वाजेल इतका करंट साठवून ठेवणारंही त्या गाडीत काही नाही. नंतर दोन-तीन जाणत्या मेकॅनिकना विचारलं. एक म्हणाला, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा असेल. बाकीचे नुसते हसले. मी वाद घातला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हसलोच असतो.

पण त्या दुपारी ताई हसल्या नाहीत. मी दिलेला पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या,

"हे गल्लीच्या वळणावर हॉर्न असाच वाजवायचे. मी गेट उघडावं म्हणून. हे गेल्यापासून रोज संध्याकाळी मला तो ऐकू येतो, मी उठून गेटपर्यंत जाते. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टरला दाखवू." मग त्यांनी विचारलं, "दादा, खरं सांगा... तुम्हीपण ऐकला ना?"

हॉर्न कसा वाजला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण त्या प्रश्नाचं होतं.

"हो ताई. ऐकला मी."

तेव्हा कुठे त्यांनी ग्लास खाली ठेवला, ओढणी तोंडाला लावली आणि पोटातून रडल्या.