करीमचाचांचा कोल्हा

परवा वाचनालयातल्या व्याख्यानात माझ्या वडिलांच्या छापखान्यातल्या बालसाप्ताहिकाचा जुना अंक हाती आला आणि शाईचा, रॉकेलचा तो वास पुन्हा नाकात भरला. त्यातल्या चित्रमालेतला कोल्हा उजवीकडून डावीकडे चालतो. उर्दूच्या दिशेने चालणारा हा कोल्हा म्हणजे निजामी राजवट परतण्याची भीती, असे व्याख्यात्यांनी ठासून सांगितले. साफ चूक. मी तिथे होतो.

करीमचाचा उर्दू दगडी छापखान्यातले कातिब, म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर लिहिणारे. तिथे कागदावर सुलट लिहिले की सुलटच छापून येई. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर ते काम संपले, तेव्हा वडिलांनी त्यांना लाकडी ठसे कोरायला बसवले. ठसा उलटा कोरावा लागतो. चाचांनी सवयीने कोल्हा सुलट कोरला आणि तो छापून उलटा आला. त्यांचा चेहरा उतरला.

"मालक, उद्यापासून यायचं न्हाय का म्या?"

ओला कागद न्याहाळत वडील म्हणाले, "चाचा, कोल्हा हाय, कुणीकडूनबी येतोय. आता पुढचे समदे असेच कोरा, म्हंजे चूक दिसायची न्हाय."

मी उभा राहून हे सारे सांगितले. अध्यक्ष हसून म्हणाले, "आजोबा, म्हणजे कोल्हा उलटा त्यांनी मुद्दामच ठेवला; तो अर्थ तुमच्या वडिलांनाही मान्य होता तर!"

मी खाली बसलो. एका माणसाची रोजी राहावी म्हणून कोल्हा वर्षभर उलटा चालला, एवढेच पटवायचे होते. तेवढेही बळ आता उरलेले नाही.