तिसरी शिंक

बेनाहारा गावात रेमेदियोसला सगळे विधवा म्हणत आणि ती म्हणू देई. काळा झगा, काळी शाल, काळे मोजे, ऐन ऑगस्टातसुद्धा. नवरा मजुरांच्या संघटनेचा चिटणीस, म्हणजे यादवी युद्धात हरलेल्यांच्या बाजूचा. युद्ध संपलं तेव्हा तो नाहीसा झाला. कुणी म्हणे समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला, कुणी म्हणे डोंगरात गोळी खाऊन पडला. गावाला तोंड आहे, ते काहीही बोलतं. प्रत्यक्षात तो घरातच होता. चुलीशेजारच्या भिंतीमागे हातभर रुंदीच्या पोकळीत, एका खुर्चीवर, पंचवीसेक वर्षं.

त्या पोकळीचं दार फडताळामागे होतं आणि हवेसाठी ठेवलेलं भोक अंगणात, जिरेनियमच्या कुंडीमागे. रेमेदियोस वाळल्या लाल मिरच्या कुटून खाली किनाऱ्यावर विकायची आणि त्यात दोन पोटं भरायची. दुकानदारीण म्हणायची, "अगं, खातेस दोघांचं आणि अंगाला म्हणून लागत नाही तुझ्या!" ती हसून वेळ मारून न्यायची. नवऱ्याचे सदरे घरातच वाळत घालायची. गाव त्याला रुबियो म्हणायचं. होसे हे नाव फक्त तिच्या तोंडी. दाराला कडी घालून, अंगण रिकामं पाहून ती "होसे" म्हणाली की तो फडताळ सरकवून बाहेर येई. एरवी ते नाव ती चुकूनही घेत नसे.

मग कुठूनसं हे पर्यटनाचं खूळ आलं. खाली वाळूत उघडे पडून कंटाळलेले परदेशी लोक वर गावात येऊ लागले. जुना बुरूज बघायचा, पांढऱ्या गल्ल्यांतून फिरायचं, म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे. महापौरानं ठरवलं की त्यांना गावातली अंगणंही दाखवायची, आणि सगळ्यात देखणं अंगण रेमेदियोसचं. नको म्हणावं तर का नको, हा प्रश्न उठणार. तिनं निमूट मान हलवली आणि रात्रभर डोळा लागला नाही.

पाहुण्यांना घेऊन आला तो हवालदार गुमेर्सिंदो. डोक्यावर चकचकीत काळी टोपी, पोट पट्ट्याबाहेर. हा माणूस शिंकायचा तोफेसारखा. आमच्याकडे कुणी शिंकलं की ऐकणाऱ्यानं "हेसूस" म्हणायचं, दुसरीला "मारिया", तिसरीला "होसे". येशू, त्याची आई, त्याचा बाप. शत्रूलासुद्धा म्हणतात. हवालदार पडला जिंकलेल्यांचा माणूस, त्याला मात्र कुणी म्हणत नसे. तो चौकात शिंकला की बायका कपडे झटकू लागत आणि पुरुष डॉमिनोच्या सोंगट्यांत डोकं घालत. वरिष्ठांकडे तक्रार तरी काय करणार बिचारा?

"या, या, हे बघा, असली जुनी घरं आता राहिली नाहीत," तो असं सांगत होता, जणू घर त्याच्या आजोबांनीच बांधलं होतं. एका गोऱ्या बाईनं कौतुकानं उखळातलं मुसळ उचललं आणि दाणकन आपटलं. लाल धूळ उडाली. हवालदार शिंकला.

परदेशी लोकांना रीत ठाऊक नाही. रेमेदियोसनं ओठ घट्ट मिटले. इतक्या वर्षांचा तिरस्कार होता तो, एका शिंकेसाठी सुटणार होता थोडाच? तेवढ्यात कुंडीमागून जाडाभरडा पुरुषी आवाज आला, "हेसूस!"

त्या घरात मिरचीनं शिंकायची ती फक्त रेमेदियोस. प्रत्येक वेळी नवरा भिंतीआडून "हेसूस" म्हणायचा. जिभेची सवय, दुसरं काय!

हवालदार सावकाश वळला. "कोण म्हणालं?"

"मी."

"तू?"

"मिरचीनं घसा बसलाय, साहेब."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग कुंडीकडे. "वीस वर्षं शिंकतोय मी या गावात. कुत्रंसुद्धा म्हणालं नाही कधी." आणि पुन्हा शिंकला.

"मारिया!" ती घसा खरवडून ओरडली. पाहुणे खूश झाले, कुणी टाळ्याही वाजवल्या.

हवालदाराच्या नाकपुड्या पुन्हा फुलल्या. तिसरी येत होती. होसे म्हणावं तर आत फडताळ सरकणार. न म्हणावं तर पहिली दोन नावं घेणारी बाई तिसऱ्यालाच का अडली? मागं सरकत ती घरात जाणाऱ्या दारापुढे उभी राहिली. हवालदाराचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. रुबियोचं खरं नाव त्याला तोंडपाठ होतं, पकडायच्या माणसांच्या यादीत ते पहिलं.

त्यानं दोन बोटांनी नाक गच्च दाबलं. चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला, खांदे उसळले, डोळ्यांतून पाणी आलं. आवाज मात्र फुटू दिला नाही.

"चला," नाक सोडून तो पाहुण्यांना म्हणाला, "बुरूज राहिलाय अजून." उंबरठ्यावर तो थांबला, पण वळला नाही. "घसा सांभाळ, बाई. दर वेळी बसायला लागला तर लोकांच्या लक्षात येतं."

ही दया होती की सापळा? तिला काही कळेना. कदाचित गल्लीत थांबून ते नाव ऐकायची वाट बघत असेल. दिवेलागणीपर्यंत तिनं हाक मारलीच नाही. मग मारली आणि तो बाहेर येताच दोन्ही मुठींनी त्याची छाती बडवत रडली.

"हवालदार होता तो, मेल्या! हवालदार!"

होसे मटकन खाली बसला. म्हणाला, "मला काय दिसतंय आतून? कुणीतरी शिंकलं आणि कुणी काही बोलेना. तू का नाही म्हणालीस, रेमे? तू म्हणाली असतीस तर मी कशाला बोललो असतो?"



त्या आठवड्यात बूट वाजले की ती दचकायची. पण दारात कुणी आलं नाही. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गाव जमलेलं असताना हवालदार शिंकला आणि नेहमीसारख्या सगळ्यांच्या माना फिरल्या.

"हेसूस," रेमेदियोस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

हवालदारानं टोपीला हात लावला. शेजारची दुकानदारीण पायरीवर थुंकली. "विसरलीस होय गं रुबियोला? एवढ्यात?"

रेमेदियोसनं शाल पुढे ओढली आणि कुणाशी न बोलता घरची वाट धरली. दोघांचा स्वयंपाक व्हायचा होता.